पाण्यात गेलेला चेंडू

चेंडू पाण्यात गेला की काय करायचे, याची दोन उत्तरे आपल्याकडे फार पूर्वीपासून चालत आलेली आहेत. पहिले श्रीकृष्णाचे. यमुनेच्या डोहात चेंडू गेला, गोपाळ काठावर रडवेले होऊन उभे राहिले आणि कृष्णाने कदंबावर चढून सरळ डोहात उडी घेतली. कालियाचे मर्दन झाले, चेंडूही वर आला. मूळ भागवतात या प्रसंगी चेंडू नाही. तो पुढच्या कवींनी आणि कीर्तनकारांनी आणला. चेंडू आला आणि गोष्ट पोरांची झाली.

दुसरे उत्तर द्रोणाचार्यांचे. कौरव-पांडव लहान असताना नगराबाहेर खेळत होते आणि त्यांची वीटा विहिरीत पडली. वीटा म्हणजे कोणी चेंडू म्हणतात, कोणी विटी. राजपुत्र विहिरीभोवती वाकून बघत राहिले. कोणालाच काही सुचेना. तेव्हा जवळच बसलेल्या एका सावळ्या, पिकल्या केसांच्या, कृश ब्राह्मणाने मूठभर गवताच्या काड्या घेतल्या. एक काडी वीटेत रुतवली, दुसरी पहिलीत, तिसरी दुसरीत, आणि साखळी करून वीटा वर ओढून घेतली. पुढे याच माणसाला राजपुत्रांचे गुरुपद मिळाले. नोकरीसाठी घेतलेली प्रात्यक्षिक परीक्षा म्हणून हा प्रसंग मला नेहमीच आवडत आला आहे.

या दोन गोष्टींतला फरक मात्र आपण पोरांना कधी सांगत नाही. कृष्ण पाण्यात उतरला, द्रोण काठावर राहिला. महाभारतकाराने तर ती विहीर कोरडी असल्याचे सांगून ठेवले आहे. म्हणजे उतरायला फारशी हरकत नव्हती, तरीही हा गृहस्थ उतरला नाही. आपण मात्र पहिली गोष्ट हातवारे करून सांगतो, दुसरी नुसती उरकतो. आणि मग उन्हाळ्याच्या सुटीत वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींची बातमी येते: शेततळ्यात बुडून दोन भावंडांचा मृत्यू. नीट वाचले तर त्या चार ओळींत कुठेतरी ‘काढण्यासाठी’ हा शब्द असतो. चेंडू काढण्यासाठी, चप्पल काढण्यासाठी, बादली काढण्यासाठी.

मी आज द्रोणाचार्यांची बाजू मांडणार आहे.

बँकेतल्या नोकरीची माझी बरीच वर्षे शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत विहिरी बघण्यात गेली. तालुके शेजारचे. मधून भीमा वाहते आणि रांजणगाव सांडसजवळ पुण्याचे सगळे बरेवाईट पोटात घेऊन मुळा-मुठा तिला मिळते. शिरूरच्या अंगाला घोड नदी. तिच्यामुळे जुनी माणसे शिरूरला अजून घोडनदीच म्हणतात. याच घोडच्या काठी इनामगावला डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून पुढे पंधराएक वर्षे उत्खनन केले, तेव्हा तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांनी पाणी वळवून घेण्यासाठी खणलेला चर सापडला. तेव्हापासून या भागातल्या माणसाची खटपट एकच: पाणी अडवा, साठवा, राखून ठेवा. शिरूरच्या पश्चिमेला पाबळ, केंदूर, कान्हूर मेसाई ही गावे पाण्यासाठी झुरलेली, तर दौंडला खडकवासल्याचा कालवा, ऊस आणि गुऱ्हाळे. एकीकडे पाणी दिसले की पोरांना हर्ष होतो म्हणून पोरे काठावर जातात, दुसरीकडे पाणी सवयीचे आहे म्हणून जातात. जातात दोन्हीकडे.

विहिरीसाठी कर्ज, मोटारीसाठी कर्ज, पाइपलाइनीसाठी कर्ज. या प्रत्येकाची जागेवर जाऊन पाहणी करावी लागे. विहीर किती परस आहे हे दोराला दगड बांधून मोजायचे, पाणी किती आहे ते ओल्या दोरावरून वाचायचे. या फेऱ्यांत मला एक वस्तू घराघरांच्या पडवीत, खुंटीला किंवा आढ्याच्या वाशाला टांगलेली दिसायची. घराघरांच्या म्हटले, पण खरे तर वस्तीत एखाद्याच घरी असायची आणि वस्ती तिच्यावर निभावून न्यायची. ती म्हणजे गळ.

मासे धरायचा गळ वेगळा. हा विहिरीचा गळ. एक जाड लोखंडी कडी, तिच्याभोवती सात-आठ वाकडे आकडे, काही ठिकाणी कडीला लहान साखळ्या आणि त्यांना आणखी आकडे. लोहाराने बनवलेला, हातात घेतला तर चांगला जड. विहिरीत कळशी पडली, पोहरा सुटला, बादलीची कडी निघाली की पोर धावत जायचे, ‘‘आजी, आईनं गळ मागितलाय.’’ आजी गळ देताना कोणाची कळशी, कशी पडली, दोर कुजका होता का, याची पूर्ण चौकशी करी. ती चौकशी हेच त्या गळाचे भाडे.

गळ टाकणे हे कसबाचे काम होते. उगाच खाली सोडून हिसके मारणाऱ्याच्या हाती चिखल येतो. गळ तळाला टेकवायचा, दोर सैल होऊ द्यायचा, मग विहिरीच्या कडेकडेने हळूहळू चालत तो तळावरून ओढत न्यायचा. डोळ्यांना काही दिसत नसते. सगळे कळते ते बोटांना. दगडाला लागला तर दोर खरखरतो, गाळात रुतला तर जड होतो, आणि पितळेला लागला की एक बारीकसा टणत्कार दोरातून हाताशी येतो. कळशी उपडी पडली असेल तर आकडे तिच्या पोटावरून घसरतात. गळ्याखाली आकडा शिरेपर्यंत धीर धरावा लागतो. भर दुपारी, सूर्य डोक्यावर असताना विहिरीचा तळ दिसतो, म्हणून काही लोक ती वेळ धरून काम करत. आणखी हुशार मंडळी घरातला आरसा आणून उन्हाचा कवडसा विहिरीत टाकत आणि तो तळावर फिरवत. शिरूर तालुक्यातल्या एका मळ्यात दाढी करायच्या आरशाने एका बाईंनी पडलेली कळशी शोधताना मी पाहिले आहे. धनी गळ सोडत होता आणि काठावरून बाई सांगत होत्या, ‘‘अवो, उजवीकडं. तिकडं न्हाई, माझ्या उजवीकडं.’’

वर आलेली कळशी कोणाची, हा प्रश्न पडत नसे. पितळी भांड्यावर नाव घातलेले असायचे. ठिपक्या-ठिपक्यांनी ठोकलेले, बऱ्याचदा वेडेवाकडे, लग्नात आहेर केलेल्याचे नावही त्यावर. सामाईक विहिरीत गळ टाकला की कधीकधी मागितलेली कळशी न येता भलतीच येई. दोन-तीन वर्षांपूर्वी पडलेली, हिरवी पडलेली, आशा सोडून दिलेली. नाव वाचून ती ज्याची त्याच्याकडे जाई. बँकेत बुडीत खात्याच्या वसुलीला निघताना मला या विहिरींचा हेवा वाटे. आमच्याकडेही गळच घालावी लागे, पण ती हात जोडून.

नदीपलीकडे, पारनेर तालुक्यातल्या निघोजला मळगंगा देवीच्या यात्रेत रात्री बारवेतून घागर आपोआप वर येते अशी भाविकांची श्रद्धा आहे आणि ती पाहायला शिरूरकडूनही माणसे लोटतात. देवीची घागर आपोआप येते, आपली गळाने काढावी लागते, असे तिकडचे एक शेतकरी मला हसून म्हणाले होते. याच निघोज आणि शिरूर तालुक्यातले टाकळी हाजी यांच्यामध्ये कुकडीच्या पात्रात ते प्रसिद्ध रांजणखळगे आहेत. वाहत आलेला दगड खडकातल्या खाचेत अडकला, बाहेर पडता येईना, पाण्याच्या भोवऱ्याबरोबर गरगरत राहिला आणि काळ्या पाषाणात रांजण कोरला गेला. पाण्यात पडलेली आणि कोणी न काढलेली वस्तू काय करते, याचा इतका मोठा नमुना दुसरीकडे पाहायला मिळणे कठीण. कडेला उभे राहून पाहावे. फार वाकू नये.

काठावरूनच काम करणारा दुसरा एक गळ मी दौंडला पाहिला. नगरकडे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरकडे जाणारी गाडी दौंड सोडते आणि भीमेचा पूल लागतो. खिडकीतून हात जोडून नाणे टाकणारे प्रवासी तिथे हमखास दिसतात. नदीकाठी पोरे दोरीला चुंबक बांधून ते पाण्यात फिरवत होती. जुन्या स्पीकरमधला गोल चुंबक. मी त्यांना बँकेतले ज्ञान पुरवले: तांबे-निकेलचा जुना जाड रुपया चुंबकाला दाद देत नाही, १९९२ पासून आलेला पोलादी रुपया देतो. एक पोरगा म्हणाला, ‘‘ठाऊकाय आम्हाला. पाचाचं जाड नाणं बी येत न्हाई.’’ मी गप्प बसलो. मुद्दा असा की ती पोरे गुडघाभर पाण्यातही शिरत नव्हती. वाळूउपशाने भीमेच्या पात्रात जागोजागी खड्डे झालेले आहेत. वरून पाणी सपाट दिसते आणि पुढचे पाऊल पुरुषभर खाली जाते. हे त्यांच्या घरच्यांनी त्यांना बजावलेले होते.

आता थोडे लांब जाऊ. माझी भाची अमेरिकेत असते. तिचा मुलगा डिस्क गोल्फ नावाचा खेळ खेळतो. आपल्याकडे समुद्रकाठी प्लॅस्टिकची थाळी फेकतात तसलाच प्रकार, पण थाळी लहान आणि जड, आणि गोल्फमध्ये चेंडू भोकात घालतात तशी ती खांबावरच्या, साखळ्या लोंबणाऱ्या टोपलीत टाकायची. पहिले कायमचे मैदान कॅलिफोर्नियात १९७५ साली झाले. ते आखणारा एड हेड्रिक हा या खेळाचा जनक मानला जातो. हा गृहस्थ २००२ साली वारला तेव्हा त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची रक्षा प्लॅस्टिकमध्ये मिसळून काही थाळ्या ओतण्यात आल्या. त्यातली एखादी खेळताना तळ्यात गेली असेल, तर आपल्या दृष्टीने सगळे यथासांग झाले म्हणायचे.

तर ही मैदाने बागांमधून असतात आणि बागांमध्ये तळी. थाळी वाऱ्याने भरकटली की पाण्यात. काही थाळ्या मुद्दाम तरंगणाऱ्या बनवतात, पण बहुतेक बुडतात. ती काढायला तिकडे काय वापरतात, असे मी त्या मुलाला विचारले. त्याने फोनवर चित्र दाखवले आणि मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. दोराला बांधलेले लोखंडी दातेरी आकडे. पाण्यात फेकायचे, तळाला टेकू द्यायचे, हळूहळू ओढायचे. आमच्या आजीच्या पडवीतला गळ, फक्त छान रंगवलेला आणि डब्यात घालून विकायला ठेवलेला! आणखी एक गंमत: ते लोक थाळीच्या पाठीवर शाईने आपले नाव आणि फोन नंबर लिहितात, म्हणजे कोणी काढली तर परत मिळावी. भांड्यावर नाव घालण्याची चाल तिथेही आपोआपच निघाली.

पण तिथेही कृष्णाच्या बाजूचे लोक आहेत. फ्लोरिडात लार्गो नावाच्या गावात अशाच एका बागेत २०२२ च्या मे महिन्याच्या अखेरीस सत्तेचाळीस वर्षांचा एक माणूस तळ्यात मरण पावलेला सापडला. तो तळ्यात उतरून बुडालेल्या थाळ्या काढी आणि विकून चार पैसे मिळवी. पाण्यात उतरू नका, अशी पाटी तिथे होती. त्या तळ्यात सुसरी-मगरींच्या जातीचा अ‍ॅलिगेटर होता. थाळीची किंमत नवी घेतली तर पंधरा-वीस डॉलर. काढलेल्या जुन्या थाळीला त्याहून कितीतरी कमी.

आमच्याकडे अ‍ॅलिगेटर नाहीत. आमच्याकडे कागद आहे.

शेततळ्याच्या तळाला आणि बाजूंना पाणी मुरू नये म्हणून जे प्लॅस्टिकचे अस्तर घालतात त्याला शेतकरी कागद म्हणतात. पाचशे मायक्रॉनचा काळा, गुळगुळीत कागद. या तळ्यांनी या भागातल्या फळबागा जगवल्या आहेत, हे आधी सांगितले पाहिजे. डाळिंबाची बाग एप्रिल-मेमध्ये हिरवी राहते ती या साठवलेल्या पाण्यावर. २०१६ साली सरकारने ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना आणली, पन्नास हजार रुपयांपर्यंत अनुदान दिले, त्यात सर्वांत मोठे तळे तीस बाय तीस मीटर आणि तीन मीटर खोल. बाजूंचा उतार एकास एक धरला तर हिशेब सुमारे बावीस लाख लिटरचा होतो. ज्या शिवारात पूर्वी घागरीसाठी मैलभर चालावे लागे तिथे बावीस लाख लिटर. शेततळ्यांविरुद्ध बोलायला मी बसलेलो नाही.

पण विहीर आणि शेततळे यांत एक मोठा फरक आहे. विहिरीला पायऱ्या असतात, बांधकामात खाचा असतात, दगडांत उगवलेली उंबराची किंवा पिंपळाची मुळी असते, मोटारीचा पाइप असतो. पडलेल्या माणसाला धरायला काहीतरी सापडते. शेततळ्यात काहीच नसते. पंचेचाळीस अंशांचा ओला कागद, त्यावर शेवाळाचा बुळबुळीत थर. आत गेलेले पोर काठापासून दोन हातांवर असते, पण वर येऊ शकत नाही. हात टेकला की घसरतो, पाय रोवला की घसरतो. आमच्या पिढीने पाठीला भोपळे किंवा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकून घेतले, मुटके मारले, तळाची माती काढून आणून दाखवली. त्या आत्मविश्वासाने पट्टीचा पोहणाराही इथे उतरतो आणि काठाशी येऊन दमतो. मग त्याला वाचवायला दुसरा जातो. चार ओळींच्या बातमीत दोन नावे असतात ती यामुळे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२१ या एका वर्षात जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून मेली, आणि त्यांतली जवळजवळ निम्मी तिशीच्या आतली. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांनी २५ जुलै हा दिवस बुडण्याच्या प्रतिबंधासाठी ठरवून दिला. दिवस ठरवल्याने काय होते ते आपण जाणतोच.

आता गळाचे असे झाले की तो कागदाच्या तळ्यात चालत नाही. आकडे कागद फाडतात आणि एका भोकातून सगळे तळे रिकामे होऊ शकते. त्यामुळे काठावरून वस्तू काढायचे जे एक साधन घरात होते ते शेततळ्याच्या मालकानेच बंद केले, आणि त्याचे चुकले असेही म्हणता येत नाही. तशीही पितळी कळशी गेली, नळ आला, विहिरीवर मोटार बसली. मोटारच आत पडली तर तीन पायांची लोखंडी घोडी आणि चैन कप्पी घेऊन माणसे येतात. बोअरमधली मोटार काढणाऱ्यांची तर गाडीच असते. महागाच्या वस्तूसाठी आपण सगळी यंत्रे काठावर आणली. दहा-वीस रुपयांच्या चेंडूसाठी मात्र पोराचा जीव हेच यंत्र.

याच शिरूर-जुन्नर पट्ट्यात उसातला बिबट्या रात्री विहिरीत पडतो, तेव्हा काय होते ते आठवा. सकाळी अख्खे गाव जमते. वन खात्याची माणसे येतात, माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्राला फोन जातो. कोणीतरी घरातली बाज आणतो, तिला चार कोपऱ्यांना दोर बांधतात, ती पाण्यावर सोडतात. दमलेला बिबट्या त्या बाजेवर चढून बसतो. मग पिंजरा खाली सोडतात, तो आत शिरतो, दार पडते, वर ओढतात. तीन-चार तास लागतात, कोणालाही घाई नसते, आणि कोणीही विहिरीत उडी मारत नाही! म्हणजे काठावर उभे राहून, धीराने, दोर वापरून काढण्याची सगळी विद्या गावात शिल्लक आहे. फक्त ती वापरायला पाण्यात बिबट्या असावा लागतो.

पोर का उतरते, याचा मी बराच विचार केला. धाडस म्हणून उतरणारी थोडी. बहुतेक भीतीने उतरतात. चेंडू दुसऱ्याचा असतो. चप्पल नवी असते आणि ‘‘हरवलीस तर बघ’’ असे सकाळीच बजावलेले असते. बादली घेऊन पाणी आणायला पाठवलेले असते आणि बादलीच गेली तर घरी काय सांगायचे? पोराच्या मनात त्या वस्तूची किंमत दुकानातली नसते. घरी बसणाऱ्या माराची असते. बँकेत एक शब्द आहे, निर्लेखित करणे. वसूल होणार नाही असे कर्ज ताळेबंदातून काढून टाकायचे. अधिकाऱ्याला ते करताना यातना होतात, पण त्याला तसा अधिकार लेखी दिलेला असतो. तसा अधिकार आठ वर्षांच्या पोराला कोणी दिलेला नसतो. तो घरातल्या मोठ्यांनी द्यावा, आणि तोही आधीच, सुटी सुरू होण्यापूर्वी, स्पष्ट शब्दांत: पाण्यात गेले ते गेले, तू घरी ये, कोणी रागावणार नाही. आणि मग खरोखरच रागावू नये. हे दुसरे जास्त कठीण आहे.

शिवाय एक साधी गोष्ट पोरांना दाखवून द्यावी. ती अमेरिकन थाळी बुडते; आपला टेनिसचा चेंडू तरंगतो. रबरी चप्पलही तरंगते. ज्या वस्तूसाठी पोर उडी मारते ती बऱ्याचदा बुडणारी नसतेच. शेततळे उघड्या माळावर असते आणि आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारनंतर वारा सुटतोच. वारा तिला ढकलत ढकलत एका काठाला आणून लावतो. तुकोबांनी गाथा इंद्रायणीत गेल्यावर उडी मारली नाही. ते काठावर शिळेवर बसून राहिले आणि तेराव्या दिवशी गाथा तरून आल्या, असे आपण मानतो. म्हणजे कृष्ण आणि द्रोण यांच्या जोडीला हे तिसरे उत्तर देहूचे, आणि ती इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळून पुढे आमच्याच तालुक्यांत येते. चेंडूला तर तेरा दिवसही लागत नाहीत.

काठाला लागलेली वस्तू घ्यायलाही वाकायचे नाही. लांब बांबू घ्यावा, टोकाला जाड तारेचे कडे, आणि कड्याला कांद्याची जाळीदार गोणी. कांद्याच्या मुलखात ती गोणी विकत घ्यावी लागत नाही. कागदाला ओरखडा उठत नाही आणि चेंडू जाळीत येतो. हा कागदाच्या तळ्याचा गळ.

आणि माणूसच पडला तर? तळ्याच्या चारही बाजूंना बांधावर एकेक पक्की मेख ठोकावी, तिला जाड दोर बांधावा, त्याला गाठी माराव्यात आणि त्याचे टोक तळ्यातले पाणी कमी झाले तरी पाण्यात राहील इतके लांब सोडून ठेवावे. प्लॅस्टिकचा तरंगणारा दोर मिळाला तर उत्तम. एक ट्रकची हवा भरलेली ट्यूब कुंपणाला टांगावी. ज्याने पाहिले त्याने आधी ओरडावे, मग बांबू पुढे करावा, नाहीतर ट्यूब फेकावी. स्वतः आत जाऊ नये. दोर नसेल तर अंगावरचे कापड असते. २०२० च्या ऑगस्टमध्ये तामिळनाडूत पेरांबलूर जिल्ह्यात कोट्टराई धरणावर क्रिकेट खेळून आलेली मुले पाण्यात उतरली आणि बुडू लागली. काठावरच्या तीन बायकांनी क्षणाचाही विचार न करता साड्या सोडून त्यांचे दोर करून फेकले. चौघांपैकी दोघे वाचले.

हा सगळा खर्च कागदाच्या किमतीपुढे नगण्य आहे. अनुदान देताना आणि कर्ज देताना तळ्याचा फोटो घेतात, लांबी-रुंदी मोजतात. पाहणीच्या त्या नमुन्यात ‘चार दोर आहेत काय?’ एवढी एक ओळ वाढवायला कोणत्याही समितीची गरज पडू नये. अशी ओळ असली की माणसे दोर बांधतात, आणि फोटोपुरता बांधलेला दोरही पाण्यातच लोंबतो.

मागच्या उन्हाळ्यात केंदूरकडे ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या तळ्यावर आम्ही असे दोर बांधले. त्याची एकच शंका होती, ‘‘साहेब, दोर कोणी सोडून नेला तर?’’ मी म्हटले, नेला तर दुसरा बांध. गाठी मारायचे काम त्याने घेतले; हात-हात अंतरावर मारत होता. त्याची आई बांधावर बसून हे पाहत होती. जरा वेळाने ती उठली, दोर हातात घेतला आणि मुलाला म्हणाली, ‘‘ह्या तुझ्या हाताच्या झाल्या. सोड त्या. पोराच्या हाताला येतील अशा मार.’’ त्याने सगळ्या गाठी सोडल्या आणि पुन्हा वीत-वीत अंतरावर मारायला बसला.